सायक्सचा चंडोल

सायक्सचा चंडोल : (गॅलेरिडा देवा, कुल अलॉडिडी). दख्खनच्या पठारावर आणि लगतच्या कोरड्या मुलखात बारमाही राहणारा, भारताबाहेर न आढळणारा लहान तुरेवाला चंडोल. विदर्भातला वाशिम जिल्हा त्याच्या मुलखाच्या आत येतो. तरीही इथल्या बहुतेक टिपणांत तो नुसता ‘चंडोल’ म्हणून उरतो, आणि ही उणीव पाखराची नव्हे, पाहणाऱ्यांची आहे.

ब्रिटिश सैन्याधिकारी विल्यम हेन्री सायक्स यांनी १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी मांडली, तीत या पक्ष्याचे पहिले शास्त्रीय वर्णन आहे. त्याच यादीतल्या दुसऱ्या एका चंडोलाला (कॅलँड्रेला डुखुनेन्सिस) इंग्रजीत पुढे सायक्स यांचेच नाव चिकटले, त्यामुळे घोटाळा होतो. तो दुसरा तिबेटकडून येणारा हिवाळी पाहुणा असून थव्याने फिरतो आणि त्याला उठून दिसणारा तुरा नसतो. भर पावसाळ्यात आकाशात गाणारा चंडोल तो नव्हे.

पिसारा : लांबी सुमारे १४ सेंमी., म्हणजे जवळपास चिमणीएवढा. नरमादी सारखेच. वरचा रंग मातकट, त्यावर गडद रेघा. खरी ओळख पोटाकडून होते : खालचा भाग तांबूस-पिवळसर, छातीवर बारीक व मोजक्याच रेघा, पोट कोरे. सह्याद्रीकडचा मलबारी चंडोल थोडा मोठा, छातीवर ठळक काळपट रेघांचा आणि पोटाला फिकट असतो. तुरा मिटलेला असला की नजरेतून सुटतो, म्हणून नुसत्या तुऱ्यावर विसंबू नये. भारतीय झुडपी चंडोल उडाला की पंखांवरचा तांबडा पट्टा झळकतो, तो सायक्सच्या चंडोलाला नसतो. तांबड्या शेपटीच्या चंडोलाच्या शेपटीला टोकाशी काळा पट्टा असतो. डोंबारी चंडोलाचा नर तर काळ्या पोटावरून लगेच कळतो.

गाणे : नर झुडपाच्या किंवा दगडाच्या माथ्यावरून गातो, पुष्कळदा हवेत चढून पंख फडफडवत गातो. गाण्यात तो इतर पाखरांचे आवाज हुबेहूब मिसळतो. ध्वनिमुद्रणावरून ओळख पटवताना हाच गुण अडसर ठरतो. एकाच चंडोलाच्या दोन मिनिटांच्या फितीत मोबाइलचे अ‍ॅप तीनचार भलत्याच जातींची नावे दाखवू शकते. अशा वेळी सुट्या नकलेवर निकाल देऊ नये. नकलांना जोडणारे त्याचे स्वतःचे स्वर ऐकावेत, तो कुठून उठला, किती वेळ हवेत राहिला, कसा उतरला हे फितीच्या शेवटी आपल्या आवाजात बोलून ठेवावे. झेनो-कँटोसारख्या खुल्या ध्वनिसंग्रहातल्या फितींशी तुलना करता येते. मात्र ज्या पक्ष्याचा आवाज टिपला त्याच पक्ष्याचे छायाचित्र सोबत असेल तरच नोंद पक्की मानावी. गाणारा एक आणि छायाचित्रात आलेला दुसरा असे माळावर सहज घडते.

अधिवास : मुरमाड बरड, खुरटे गवत, काळ्या शेतांच्या कडा. कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याचा माळ आणि गावोगावच्या ई-क्लास (सरकारी चराऊ) जमिनी अशा आहेत. सरकारी दफ्तरात ज्याला ‘पडीक’ म्हणतात, ते या पाखराचे भरले घर आहे. तिथे मुरूम खोदला, नांगर फिरवला किंवा दाट झाडे लावली, की हा चंडोल हटतो. झाडे लावणे प्रत्येक ठिकाणी पुण्याचे नसते.

वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. ढेकळाच्या किंवा गवताच्या आडोशाला जमिनीवरच वाटीसारखे घरटे, त्यात बहुधा २–३ अंडी. या दिवसांत ध्वनिफीत वाजवून नराला जवळ बोलावू नये, आणि बरडावर चालताना पाऊल बघून टाकावे.