‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ : बाशिंग गुडघ्यालाच का?

निवडणूक जवळ आली की बातम्यांत एक वाक्य हमखास दिसतं: ‘इच्छुक गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेत.’ लग्नातलं बाशिंग राजकारणात कसं आलं? आणि ते गुडघ्यालाच का?

बाशिंग म्हणजे काय?

लग्नात वधू-वरांच्या कपाळाला बांधायचा हा अलंकार. पूर्वी तो भेंड, कागद, बेगड यांचा बनवत. मोत्यांच्या किंवा फुलांच्या नाजूक मुंडावळ्या वेगळ्या. बाशिंग त्यांच्यापेक्षा मोठं आणि भरगच्च असतं. कन्नडमध्ये ‘बासिंग’ आणि तेलुगूत ‘बासिकम्’ हे याच अलंकाराचे शब्द आहेत. लग्नाचा योग या अर्थी मराठीत ‘बाशिंगबळ’ असाही शब्द आहे.

मग गुडघा कशासाठी?

बाशिंगाची जागा कपाळावर. पण म्हणीतल्या नवऱ्याला धीरच नाही. घाईच्या भरात तो ते चक्क गुडघ्याला बांधून मोकळा होतो. वस्तू बरोबर, जागा चुकलेली! म्हणजे ही म्हण नुसत्या घाईला हसत नाही, तर घाईत उडणाऱ्या फजितीलाही हसते.

आज कुठे वापरतात?

मीरा-भाईंदरचंच उदाहरण घ्या. महापालिकेची २०१७ मध्ये निवडून आलेल्या नगरसेवकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक लांबली. अशा काळात प्रभाग, आरक्षण, तिकीट यातलं काहीच ठरलेलं नसताना वरसावे नाक्यावर कुणी ‘भावी नगरसेवक’ म्हणून बॅनर लावला, तर त्याला ही म्हण चपखल बसते.

जवळच्या म्हणी

‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ : जी वस्तू अजून हातातच आलेली नाही, तिच्यावरून भांडण.

‘अति घाई, संकटात नेई’ : महामार्गावरच्या पाट्यांमुळे पाठ झालेली. ही सावध करते. बाशिंगाची म्हण टोमणा मारते.

वापरताना लक्षात ठेवा

वेळेवर तयारी करणाऱ्याला ही म्हण लावू नये. परीक्षेचा अभ्यास दोन महिने आधी सुरू करणारा उतावळा नाही. अर्ज भरण्याआधीच ऑफिसात पेढे वाटणारा मात्र नक्कीच आहे!