पुंगळीची मान आणि १८७८चा कायदा

रायफलचा बार उडाला की काडतुसाची पितळी पुंगळी चेंबरमध्ये फुगते आणि तिची मान सैल पडते. तीच पुंगळी पुन्हा भरायची, तर आधी मान आवळावी लागते. नाहीतर नवी गोळी तिच्यात धरून राहत नाही. हे काम डायचं, म्हणजे पुंगळी दाबून मापात आणणाऱ्या पोलादी साच्याचं. डाय निवडताना प्रश्न एकच असतो: अख्खी पुंगळी दाबायची की नुसती मान? अख्खी दाबली, तर ती त्या जातीच्या कुठल्याही रायफलीत चालते. नुसती मान आवळली, तर पुंगळीचं अंग त्या एका चेंबरच्या मापाचंच राहतं आणि पितळही कमी शिणतं. आतली कडी, म्हणजे बुश, बदलून मानेचं माप इंचाच्या हजाराव्या भागाने कमीजास्त करता येईल, अशाही डाय मिळतात. पण या निवडीला अर्थ यायचा, तर रायफल एकाच मालकाकडे वर्षानुवर्षं हवी, रिकाम्या पुंगळ्या त्याच्याच ताब्यात हव्यात आणि घरी काडतूस भरायची मुभा हवी. अमेरिकेत हे सगळं जुळून आलं. १८८४ साली जॉन बार्लोने आयडियल ही कंपनी काढली आणि हातात मावणारी भरणीची अवजारं शिकाऱ्यांना विकायला सुरुवात केली. महाड-पोलादपूरच्या डोंगरात मात्र डायची निवड हा विषयच कधी निघाला नाही. लोक म्हणतील, इथे तेवढं कसब नव्हतं, पैसाही नव्हता. मला वाटतं, खरं कारण कायद्याच्या इतिहासात आहे.

कारण आपला बार आपण भरणं या मुलखाला नवं नव्हतं. महाड तालुक्यातच रायगड आहे आणि गडांवरच्या दारूची व्यवस्था मराठी राज्यात किती बारकाईने होत असे, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दिसतं. दारूखाना घराच्या वळचणीला नको, दूर हवा. आठ-पंधरा दिवसांनी हवालदाराने दारू आणि बाण बाहेर काढून उन्हं द्यावीत आणि पुन्हा शिक्का करून ठेवावेत, अशी ताकीद आहे. (सावित्रीच्या खोऱ्यात आषाढात ऊन मिळायचं कुठून, हा प्रश्न अर्थात उरतोच.) मे १८१८मध्ये कर्नल प्रॉथरच्या तोफखान्याने रायगडावर मारा केला, आत आग लागली आणि १० मेला गड इंग्रजांच्या हाती गेला. राज्य गेलं, पण ठासणीची बंदूक गेली नाही. नाचणी-वरीच्या राखणीला ती माळ्यावर होतीच. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, चिंधीचा बोळा घालायचा, छर्रे सोडायचे, पुन्हा बोळा, मग गजाने ठासायचं आणि शेवटी केप बसवायची. रानडुकराला किती आणि रानकोंबड्याला किती, याचं माप ज्याने त्याने आपल्या नळीचा स्वभाव ओळखून ठरवायचं. एका नळीचा अंदाज दुसरीला चालत नाही, हे त्या माणसाला पाठ होतं. मान-डाय निवडणारा अमेरिकन शिकारीही तेच तत्त्व धरून चालतो, फक्त त्याच्या हातात पितळ असतं.

म्हणजे जाण होती. पण पितळी काडतूस सर्रास होण्याच्या सुमारास, १८७८ साली, लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत हत्यारांचा कायदा आला. त्यातली दारूगोळ्याची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. शिसं, गंधक आणि सोरा तिने वगळले. पण केपा, बंदुकीचे बोळे, दारूगोळ्याचे सगळे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रसामग्री हे सगळं तिने आत घेतलं. कच्चा माल बाजारात मोकळा ठेवला आणि त्याला काडतुसाचा आकार देणारी वस्तू परवान्याखाली आणली. स्वतंत्र भारताच्या १९५९च्या कायद्यानेही सुटे भाग आणि यंत्रसामग्री व्याख्येत तशीच ठेवली. तेव्हा चार इंची पोलादी डाय कायद्याच्या नजरेत निव्वळ अवजार ठरणं कठीण. इकडे काडतुसं पुरवायला पुण्याजवळ खडकीचा कारखाना १८६९पासून उभा होताच. गिऱ्हाइकाने काडतूस मोजून घ्यावं, उडवावं आणि नवं मागायला पुन्हा परवाना दाखवावा, अशी घडी बसली.

कसब नव्हतं, हा आक्षेप फार टिकत नाही. मठारलं की पितळ कडक होतं आणि तापवलं की मऊ पडतं, हे तांबटाला कुणी शिकवावं लागत नाही. पुंगळीची मान वारंवार आवळताना नेमकं एवढंच सांभाळायचं असतं. काडतूस जवळून पाहिलेली माणसंही होती. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबुवा वलंगकर १८८६ साली पलटणीतून निवृत्त झाले आणि त्यांच्यासारखे महार पेन्शनर महाड-दापोलीच्या पट्ट्यात बरेच होते.

दुसरा आक्षेप जड आहे. कोकणात परवाने बहुतेक ठासणीचे आणि बारा बोरचे. बारा बोरच्या काडतुसाला मानच नाही, मग मान-डायचा प्रश्न आला कुठून? हे मान्य. पण बारा बोरची पुंगळीही इतर देशांत घरोघर पुन्हा भरली जातेच. आणि इथे रायफली विरळ का राहिल्या, याचं उत्तरही बरंचसं परवान्यातच सापडतं. लष्करी .३०३ सामान्य माणसाला बंद झाली, म्हणून .३१५ ही वेगळी जात हिंदुस्थानात रुजली. म्हणजे मान असलेलं काडतूस कोणतं वापरायचं, हेही शिकाऱ्याच्या पसंतीने ठरलं नाही. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर तर शिकारच संपली.

मग कुणी नेमबाजांकडे बोट दाखवेल. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने २०२४मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं, ते पुंगळ्या न भरताच. पण त्या स्पर्धेतलं .२२चं काडतूस रिमफायर जातीचं असतं. पेट घेणारा मसाला त्याच्या बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि फायरिंग पिनचा घाव बसला की ती कड चेपते. ते पुन्हा भरण्याजोगं नसतंच. म्हणून जगभरचे .२२चे नेमबाज कारखान्यातल्या वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसं आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि जी जमते ती घाऊक उचलतात. आपल्या नळीला काय मानवतं, हे तेही शोधतातच. भरणी मात्र कारखान्याची.