नक्कल, वग आणि नट : खानदेशातील अभिनयपरंपरेच्या संदर्भात

मराठी रंगभूमीच्या इतिहासलेखनात छापील नाटक हेच मुख्य साधन मानले जाते. त्यामुळे नटाच्या हाती प्रत्यक्षात काय पडत होते, हा प्रश्न मागे राहतो. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीस 'सीतास्वयंवर' सादर केले तेव्हा सूत्रधार पदे म्हणे आणि नट त्यांच्या अनुरोधाने आपली भाषणे आयत्या वेळी रचीत. १८६१ मधील वि. ज. कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' या नाटकापासून लिखित भाषणांचा, म्हणजे 'बुकिश' नाटकांचा, प्रघात पडत गेला.

तथापि, नाटक लिहिले गेले म्हणून ते समग्रपणे नटापर्यंत पोहोचले असे नव्हे. कंपनीत नटास मिळे ती 'नक्कल' : त्याच्या वाट्याची भाषणे आणि त्याआधीच्या वाक्याचे अखेरचे शब्द. प्रसंगाचा रोख, विराम, शब्दावरील आघात हे सारे तालीममास्तर सांगे. नारायण राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांनी बालपणी जळगावी मेहबूबखाँ यांच्याकडे गायनाचे धडे घेतले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर मंडळीत आले आणि गोविंद बल्लाळ देवलांच्या तालमीत घडले. आधी सूर, मग शब्द, असा हा क्रम आहे. त्यांच्या गद्य भाषणांच्या लयीचा विचार करताना अभ्यासकांनी तो पुरेसा लक्षात घेतलेला नाही, असे मला वाटते.

खानदेशाच्या ग्रामीण भागात मात्र जत्रांच्या हंगामात तमाशाचा फड उभा राही, आणि तेथे नक्कलही नसे. गण, गवळण, बतावणी यांनंतर येणाऱ्या वगाचे कथानक, प्रवेशांचा क्रम आणि लावण्या ठरलेल्या असत. संवाद नटांनी रचावयाचे. राजाचे भाषण कोठे तोडावे, सोंगाड्याला किती मोकळीक द्यावी, याचा निर्णय समोरचा अहिराणीभाषक प्रेक्षक पाहून होई. याला संहितेचा अभाव म्हणणे चुकीचे आहे. ही संहिता फडाच्या सामाईक स्मरणात होती, आणि नवा नट ती मागे उभा राहून, ऐकून आत्मसात करी.

१९५४ मध्ये राज्य नाट्यस्पर्धा सुरू झाली. प्रयोगांचे पूर्वपरीक्षण करणारे मंडळही त्याच वर्षीचे. दोहोंना लिखित संहिता हवी. हौशी संघांत संपूर्ण नाटकाचे वाचन सर्वांसमोर करण्याची पद्धत रूढ झाली आणि आपले पात्र असे का वागते, हा प्रश्न नट स्वतः विचारू लागला. हा लाभ मोठाच. परंतु परीक्षणासाठी लिहून दिलेले वगाचे बाड आणि रात्री उभा राहिलेला वग एकच होते, असे धरून चालता येत नाही.

समर्थ वाग्देवता मंदिर आणि राजवाडे संशोधन मंडळ (१९२७) यांच्यामुळे जुन्या बाडांचे मोल धुळ्याला कोणी शिकवावयास नको. नटांच्या नकला मात्र पाठ होताच निरुपयोगी ठरत, आणि वग तर कागदावर आलाच नाही. म्हणूनच खानदेशाचा नाट्येतिहास तोकडा दिसतो. तो तोकडा होता म्हणून नव्हे. वयोवृद्ध तमाशा कलावंतांच्या मुलाखती घेताना आपले विद्यार्थी बहुधा वगाची गोष्ट विचारून थांबतात. त्याऐवजी एकच प्रवेश दोन वेगळ्या दिवशी करावयास सांगून दोन्ही वेळा ध्वनिमुद्रित करावा. काय टिकले आणि काय बदलले, यावरून त्या नटाची संहिता हाती लागेल.