लेखी द्या, साहेब!

माझे अब्बा तालुक्याच्या कचेरीसमोर बाँड रायटर होते. लिंबाच्या झाडाखाली एक मोडकं टेबल, एक टाइपरायटर आणि समोर बाकड्यावर बसलेली खेड्यातली माणसं. कुणाचं रेशनकार्ड अडलेलं, कुणाची सातबाऱ्यावरची नोंद राहिलेली. "साहेब नाही म्हणाले" असं सांगत कुणी आलं, की अब्बांचा एकच प्रश्न असे, "लेखी नाही म्हणाले का? मग परत जा आणि म्हणावं, लेखी द्या, साहेब." लहानपणी मला हा नुसता कामाचा तगादा वाटायचा. त्यात राज्यशास्त्र भरलेलं आहे, हे कळायला बी. ए. होऊनही बरीच वर्षं जावी लागली.

सहावीत असताना शाळेच्या स्नेहसंमेलनात मी रामशास्त्री प्रभुणे झालो होतो. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांना दोषी ठरवून शास्त्रीबुवांनी पुणं सोडलं, ती कथा आपल्याला पाठ आहे. टाळ्या भरपूर मिळाल्या. रात्री घरी जाताना अब्बा म्हणाले, "बेटा, शास्त्री गेले ते बरोबरच. पण राघोबा तर गादीवरच राहिले ना? मग रयतेनं जायचं कुणाकडं?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी पेशवाईतून थेट आणीबाणीत येऊन पोहोचलो.

२५ जून १९७५ च्या रात्री देशात अंतर्गत आणीबाणी जाहीर झाली. दोनच दिवसांनी, २७ जूनला राष्ट्रपतींचा आदेश निघाला. घटनेच्या १४, २१ आणि २२ या कलमांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. कलम २१ म्हणजे जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं कलम. 'मिसा' कायद्यात अशी दुरुस्ती झाली, की माणसाला का धरलं हे त्यालाही सांगायला नको आणि न्यायालयालाही नको. अब्बांच्या भाषेत सांगायचं, तर 'लेखी द्या' म्हणण्याची सोयच काढून घेतली गेली. शहा आयोगाच्या अहवालाप्रमाणे सुमारे ३५ हजार माणसं मिसाखाली स्थानबद्ध झाली.

अशा वेळी नागरिकाच्या हाती एक जुनं हत्यार असतं, बंदीप्रत्यक्षीकरणाचा अर्ज. 'ज्याला धरलंय त्याला न्यायालयापुढे उभं करा आणि कोणत्या कायद्यानं धरलंय ते सांगा', एवढंच त्यात मागायचं असतं. असे अर्ज आम्ही ऐकू शकतो, असं नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं. त्यांत आपलं मुंबई उच्च न्यायालयही होतं. सरकार अपिलात गेलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयातल्या पाच न्यायमूर्तींपुढे आलं.

सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी नीरेन डे यांना विचारलं, की एखाद्या पोलीस अधिकाऱ्यानं वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तरी न्यायालयात उपाय नाही का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असंच उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ ला निकाल लागला. चार न्यायमूर्तींनी सरकारचं म्हणणं उचलून धरलं. सरन्यायाधीश अजितनाथ रे, मिर्झा हमीदुल्ला बेग, पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड आणि पी. एन. भगवती हे ते चौघे. खन्ना एकटे विरोधात. जगण्याचा हक्क काही कलम २१ नं बहाल केलेला नाही, घटना नव्हती तेव्हाही कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचा जीव किंवा स्वातंत्र्य घेता येत नव्हतं, असं त्यांनी लिहिलं. असहमतीचा निकाल म्हणजे उद्याच्या शहाणपणाकडे केलेलं अपील असतं, या अर्थाचं अमेरिकी सरन्यायाधीश ह्यूज यांचं वचनही त्यांनी दिलं.

डे यांना विचारलेला तो प्रश्न मात्र कल्पनेतला राहिला नव्हता. १ मार्च १९७६ ला कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी उचललं होतं. त्याचे वडील ईचर वारियर दारोदार फिरत होते. निकाल लागला त्या दिवशी त्यांना न्यायालयाचं दारही बंद झालं. आणीबाणी उठल्यावर, १९७७ मध्ये, त्यांनी केरळ उच्च न्यायालयात बंदीप्रत्यक्षीकरणाचाच अर्ज केला. मुलगा पोलीस कोठडीत मेला, हे तेव्हा बाहेर आलं आणि मुख्यमंत्री करुणाकरन यांना राजीनामा द्यावा लागला. पण बापाला मुलाचा मृतदेहसुद्धा मिळाला नाही. न्यायालयानं 'आमच्या हातात नाही' म्हटलं, की त्याचा अर्थ कुठल्या घरी काय होतो, तो असा.

खन्नांनाही किंमत मोजावी लागली. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून बेग यांना सरन्यायाधीश केलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. इथं एक गोष्ट मी मुद्दाम बोलतो. आणीबाणीच्या घोषणेवर सही करणारे राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद आणि हे न्यायमूर्ती बेग, दोघंही माझ्या समाजातले. आपला माणूस खुर्चीवर असला की आपण सुरक्षित, असं प्रत्येक समाजाला वाटत असतं. तो भ्रम आहे. खुर्चीवर कोण बसलंय, यापेक्षा खुर्चीभोवती कुंपण आहे की नाही, हे पाहावं.

आता अब्बांचा प्रश्न. रामशास्त्रींसारखेच खन्नाही गेले. पण १७७३ मध्ये पेशव्याला बांधून ठेवणारी घटना नव्हती, आणि रयतेला मतही नव्हतं. १९७७ मध्ये लोकांनी मतपेटीतून सरकार बदललं. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं कलम २० आणि २१ चं संरक्षण आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असं ठरलं. 'अंतर्गत अशांतता' हे कारण काढून 'सशस्त्र उठाव' हे शब्द आले. आणि आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवला पाहिजे, अशी अट आली. लेखी! ती अट वाचताना मला लिंबाखालचं टेबल आठवलं.

२४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं १९७६ चा निकाल चुकीचा ठरवला. तो चुकीचा होता, असं लिहिणाऱ्यांत धनंजय चंद्रचूड होते, यशवंतरावांचे चिरंजीव. खन्ना २००८ मध्येच वारले होते. त्यांच्या 'नाही'ला एकेचाळीस वर्षं थांबावं लागलं. पण ते कागदावर होतं, म्हणून थांबू शकलं.

मात्र एकेचाळीस वर्षं हा फार मोठा काळ आहे, मित्रहो. ईचर वारियर २००६ मध्येच गेले. उशिरा दुरुस्त झालेल्या निकालानं कुणाचा मुलगा परत येत नाही. म्हणून कुंपणाची राखण फक्त न्यायमूर्तींवर सोपवून चालणार नाही. ज्याला सत्ता दिली, त्यानं कारण दिलं पाहिजे, हा आग्रह आपणही रोज धरला पाहिजे, अगदी रेशनकार्डापासून.

अब्बा आता नाहीत. ते लिंबाचं झाडही रस्तारुंदीत गेलं. पण परवा एका कचेरीच्या खिडकीवर मला "होणार नाही" असं उत्तर मिळालं, तेव्हा न कळत माझ्या तोंडून निघून गेलं, "लेखी द्या, साहेब."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)