बाळाचे पाणी : कधी, किती आणि कसे?

हिंगोली जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत तान्ह्या बाळाचा घसा कोरडा पडत असेल, या काळजीपोटी घरातील वडीलधारी मंडळी त्याला चमचाभर पाणी पाजण्याचा आग्रह धरतात. हेतू चांगला असला, तरी पहिले सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला वरचे पाणी देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते. कडक उन्हाळ्यातही ते पुरेसे ठरते. पाण्याने बाळाचे इवलेसे पोट भरते, दूध कमी प्यायले जाते आणि अतिसाराचा धोका वाढतो.

उष्टावणानंतर
सहा महिने पूर्ण झाल्यावर मऊ भात, वरण, नाचणीची खीर असा वरचा आहार सुरू होतो. घन आहाराबरोबर पाण्याची गरज निर्माण होते. पाणी कमी पडल्यास शौचास कडक होते. सहा ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसभरात १२० ते २४० मिलिलिटर, म्हणजे साधारण एक ते दोन लहान वाट्या पाणी पुरते. ते जेवणाबरोबर घोटघोट द्यावे. जेवणाआधी पाजून भूक मारू नये. स्तनपान सुरूच ठेवावे. पाण्यात साखर घालू नये. मध तर वर्षापर्यंत वर्ज्यच.

बाळ पीत नसेल तर
पाण्याला चव नसल्याने अनेक बाळे प्रथम तोंड फिरवतात. बाळाला मांडीवर ताठ बसवून लहान फुलपात्राची कड खालच्या ओठाला टेकवावी आणि पाणी ओठांना लागेल इतकेच ते कलते करावे. घोट बाळाने स्वतः घ्यावा. आडवे निजवून किंवा नाक दाबून पाणी ओतल्यास ते श्वासनलिकेत जाऊ शकते. मोठ्यांना पिताना पाहूनही बाळ शिकते. दुधाची बाटली आणि बोंडले नीट स्वच्छ करणे अवघड असते. वाटी-चमचा त्याहून बरा. बाळ दूध पीत असेल आणि दिवसातून सहा-सात वेळा फिकट रंगाची लघवी करत असेल, तर पाण्यासाठी बळजबरी नको.

पाणी कोणते?
विहीर, बोअर, नळ किंवा टँकर, पाणी कुठलेही असो, ते खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळावे, झाकून निववावे आणि स्वच्छ ओगराळ्याने काढावे. उकळल्याने जंतू मरतात. मात्र नायट्रेट व फ्लोराइड जात नाहीत. म्हणून बोअरच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करून घेणे आवश्यक आहे. आई शेतात कामाला गेल्यावर बाळ आजीजवळ असते, तेव्हा उकळलेले पाणी वेगळ्या भांड्यात झाकून ठेवून जावे.

धोक्याची चिन्हे
जुलाब लागल्यास साधे पाणी पुरत नाही. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर पाण्यातच मिसळावे, थोडेथोडे पाजत राहावे आणि २४ तासांनंतर उरलेले टाकून द्यावे. स्तनपान थांबवू नये. डोळे किंवा टाळू खोल जाणे, लघवी कमी होणे, बाळ मलूल होणे, पिण्यास नकार देणे यांपैकी काहीही दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता बाळाला तातडीने जवळच्या रुग्णालयात न्यावे.