कमरेखालचा इतिहास

आपल्याला कंबर आहे हे ती दुखेपर्यंत माणसाच्या लक्षात येत नाही. आणि कमरेतून निघालेली कळ पार पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊ शकते, हे कळायला तर सायटिकाच व्हावा लागतो. आमच्या गिरगावातल्या चाळींत याला कुणी 'चमक' म्हणे, कुणी 'उसण', आणि उरलेले सगळे 'वात'. डॉक्टरकडे जाऊन आलेला मात्र 'सायटिका' म्हणे आणि जिन्यात मान ताठ करून उभा राही. कंबर ताठ होत नसे, म्हणून मान.

दुखणे मात्र पुराणे. चरकसंहितेत त्याचे नाव 'गृध्रसी'. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा लंगडत चालतो, म्हणून हे नाव, असे वैद्य सांगतात. कुल्ला, कंबर, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल अशी कळेची स्टेशनेही चरकाने क्रमाने दिली आहेत. ही लोकल स्लो आहे, सगळीकडे थांबते. उपायांत बस्ती आहे, शीर तोडून रक्त काढणे आहे आणि चक्क डाग देणेही आहे. डाग नुसता ऐकूनच पुष्कळ जण चालू लागले असतील.

युरोपात 1764 साली नेपल्सच्या डोमेनिको कोतुन्योने हे दुखणे खुब्याच्या सांध्याचे नसून शिरेचे असू शकते, असे पुस्तक लिहून सांगितले. मग पॅरिसचे लासेग आले. रोग्याला उताणा निजवून सरळ पाय वर उचलायचा. कळ आली की निदान पक्के. ही परीक्षा 1881 साली लिहून काढली फोर्स्ट या शिष्याने, नाव झाले गुरूचे. आपल्याकडे याचे कुणाला नवल वाटू नये. पुढे 1934 साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी खरा चोर दाखवला: दोन मणक्यांमधली गादी. ती सरकते, फुटते आणि शरीरातल्या सर्वांत जाड शिरेच्या मुळाशी जाऊन बसते. चौथ्या सीटवरच्या माणसासारखी.

परळला केईएम 1926 साली उघडले. आसपास गिरण्यांचे भोंगे. डॉक्टरांचा त्या काळातला ठरलेला सल्ला म्हणजे कडक बिछाना आणि संपूर्ण विश्रांती.

"महिनाभर पडून राहा."

"कुठं, डाक्टर?"

प्रश्न बिनतोड होता. लालबागच्या एकेका गाळ्यात वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत. रात्रपाळीचा आला की दिवसपाळीचा उठे, वळकटी तीच. कडक बिछान्याची अडचण नव्हती, मऊ होता कुणाकडे? पण बदली कामगार महिनाभर पडला, तर गिरणीच्या दारातला नंबरही गेला आणि गावची मनिऑर्डरही. पट्टा आवळून तो साच्यावर उभा राही. त्याच्या कळेचा इतिहास कुठल्याच ग्रंथात नाही.

गंमत म्हणजे 1999 साली हॉलंडमध्ये रोग्यांचे दोन गट करून पाहिले. अंथरुणाला खिळवलेले आणि जमेल तसे हिंडते-फिरते ठेवलेले. बरे होण्यात फरक पडला नाही. म्हणजे गाळ्यातल्या माणसाने विश्रांती गमावली हे काही तितकेसे बिघडले नव्हते. बिघडवत होती ती ओझी आणि तासन्‌तास एका जागी उभे राहणे.

तेव्हा आजचा सल्ला सोपा आहे. फार दुखले तर एक-दोन दिवस पडा, कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन. मग उठा, थोडेथोडे चाला. शेक घ्या. एका बैठकीत तासभर बसू नका. बादली उचलताना गुडघे वाकवा, कंबर नको. व्यायाम जाणत्या माणसाकडून शिका, गॅलरीतल्या काकांकडून नव्हे. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत ओसरते. सरकलेली गादीही पुष्कळदा आपोआप आकसते.

एवढे मात्र विनोद बाजूला ठेवून वाचा. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, दोन मांड्यांमधली जागा बधिर झाली, पाय लुळा पडू लागला, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी मोठे हॉस्पिटल गाठा.

एरवी शेजारी उपाय सांगायला येतीलच. ऐकून घ्या, पण उभ्याने. बसलात तर कळ वाढेल, आणि शेजारीही बसेल.