माहेरचं माप

कोल्हापूरकडच्या घरात चटणी मागितली तर पानाच्या डाव्या बाजूचं तोंडीलावणं मिळत नाही. चटणी म्हणजे वर्षाचं तिखट. मिरची, कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ, धने आणि गरम मसाले एकत्र कांडून बरणीत दाबून भरलेला लालभडक, किंचित ओलसर ऐवज. आमटीत तीच, मटणात तीच, मिसळीच्या कटात तीच, आणि घरात काहीच नसलं की भाकरीवर तेलाची धार सोडून पुन्हा तीच. जिल्ह्यात घरटी एक बरणी आणि घरटी एक मत. कांदा उन्हात वाळवून तळायचा की ओलाच परतायचा? लसूण सोलायचा की सालीसकट कांडायचा? ओली कोथिंबीर घालायची का? मीठ चटणीत की भाजीत? ब्याडगी निम्मी की पाव? एरवी मोजकं बोलणारी माणसं या प्रश्नांवर हातातला घास तसाच ठेवून भांडताना मी पाहिली आहेत.

भांडताना प्रत्येक जण गावाचं नाव घेतो. कागलची चटणी वेगळी, गडहिंग्लजची वेगळी, शिरोळची तर विचारूच नका. मीही पोरवयात असाच हिरिरीनं भांडलो. पुढं घरातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी एकमेकींशी जुळवत गेलो तेव्हा लक्षात आलं, की आमच्या गावच्या चटणीत आमच्या गावात जन्मलेल्या एकाही माणसाचा हात नव्हता.

आमचं गाव कागल तालुक्यातलं. घरात चटणीचं पहिलं माप आणलं ते पणजीनं, आणि ती होती राधानगरीकडची. तो पावसाचा मुलूख. चार-चार महिने ऊन दिसत नाही, वाळवलेलं पुन्हा सादळतं, बुरशी धरतं. तिच्या माहेरी कांदा असो की खोबरं, सगळं तेलात चांगलं खरपूस तळून मगच कांडायचे, म्हणजे चटणी पावसाळा काढते. लग्न होऊन ती कागलकडं आली. तिथं ऊन रग्गड होतं, पण तिचा हात तळणीवरच राहिला. उन्हाची कमतरता म्हणून सुरू झालेली रीत, ऊन असलेल्या गावात शास्त्र होऊन बसली. आम्ही पोरं शेजारच्या आळीतल्या चटणीला नावं ठेवायचो, का, तर त्यांच्यात कांदा नुसता वाळवतात म्हणून.

पणजीच्या हाताखाली तीन सुना आल्या. थोरली आज्जी जत भागातली. दुष्काळी टापू, तिकडं खोबरं सणासुदीचं. तिच्या चटणीत खोबरं नावाला, तीळ आणि कारळे भरपूर. धाकटी आज्जी थेट कोल्हापूर शहरातली, तालमीच्या दारात वाढलेली. शाहू महाराजांनी 1912 साली बांधलेल्या खासबाग मैदानातल्या कुस्त्यांच्या गोष्टी तिला वडिलांकडून मिळालेल्या, आणि त्यांच्याबरोबर मटणाच्या. आधी मटण हळद-मीठ-आलं-लसणात शिजवायचं, ते अळणी पाणी बाजूला काढायचं, त्यातल्या निम्म्याचा नारळाच्या दुधातला पांढरा रस्सा, उरलेल्याचा चटणी घालून तांबडा. ती म्हणायची, "पैलवान पांढरा पितो, बघायला आलेला पाव्हणा तांबडा. आग खाऊन कुणी कुस्ती मारत न्हाई." तिच्या चटणीत खसखस, खोबरं आणि गरम मसाला सढळ, कारण ती मटण डोळ्यांपुढं ठेवूनच कांडलेली असायची.

मधली माझी सख्खी आज्जी. तिचं माहेर संकेश्वरच्या जवळ, म्हणजे जिच्या नावावर आमच्याकडचा चटणीचा सगळा तोरा उभा आहे त्या संकेश्वरी मिरचीच्या मुलखात. लांब, बारीक, गडद लाल, वासाची ही जवारी मिरची पावसाळ्यात लावायची आणि थंडीत लाल झाली की तोडायची. आज्जीचे वडील ती बैलगाडीतून गडहिंग्लजच्या बाजाराला आणत. पोत्यांवर बसून यायला मिळावं म्हणून ती हट्ट करायची आणि गाव येईपर्यंत शिंकून बेजार व्हायची. गडहिंग्लजला या मिरचीचे सौदे अजून होतात. संकरित वाणांपुढं तिचं पीक आटत गेलं, आणि भाव इतर मिरच्यांना मागं टाकून वर गेला.

आज्जीच्या गोष्टींत मला सगळ्यात आवडायची ती नाक्याची. तिचं लग्न झालं तेव्हा माहेर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात, बेळगाव जिल्ह्यात, आणि सासर महाराजांच्या कोल्हापूर संस्थानात. 1 मार्च 1949 ला संस्थान विलीन झालं आणि दोन्ही घरं एका कारभाराखाली आली. पुरती आठ वर्षंही गेली नाहीत तोवर, 1 नोव्हेंबर 1956 ला, भाषावार प्रांतरचना झाली आणि बेळगाव, निपाणी, संकेश्वर हा सगळा पट्टा म्हैसूर राज्यात गेला. निपाणी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तंबाखूच्या पेठेला लोक सकाळी जाऊन दुपारी परत यायचे. आता मधे रेघ आली. दर थंडीत आज्जीचा भाऊ मिरचीचं पोतं घेऊन यायचा. एका वर्षी नाक्यावर पोतं उघडायला लावलं. उघडणारा शिपाई असा काही शिंकायला लागला की साहेबानं लांबूनच हात हलवून सांगितलं, जाऊ दे त्याला. "माझ्या भावाला सरकारनं अडवलं, मिरचीनं सोडवलं," असं आज्जी सांगायची. त्यात तिनं किती मीठ-मिरची लावलं होतं कोण जाणे. पण मिरच्यांची देठं खुडताना ती कानडीत मोजायची, ओंदु, एरडु, मूरु, हे मी स्वतः ऐकलं आहे. सीमाप्रश्नावर घरातले पुरुष ओट्यावर तावातावानं बोलत असत, आणि आत वर्षाची चटणी कानडीत मोजली जाई.

पणजी होती तोवर तिच्याच मापानं चटणी व्हायची. सुनांनी हळू आवाजात आपापलं माप सांगायचं, पणजीनं ऐकून घ्यायचं आणि तळणीत कांदे सोडायचे. चैत्रात अंगणात मिरच्या पसरल्या जात, उखळात एकीचं मुसळ वर तर दुसरीचं खाली. घरात ठसका उठे, पोरांना शेतात हाकलून देत. पणजी गेली, पुढं वाटण्या झाल्या, आणि एकाच वाड्यात तीन चुली पेटल्या. त्या वर्षी पहिल्यांदा तीन चटण्या झाल्या. आज्जी म्हणायची, "जमीन वाटली तवा कुणी रडलं न्हाई, तिघीबी आपापलं माप काढाया उतावीळ झालो हुतो." सुनेला घरात आपलं म्हणायला फारसं काही नसे, नावसुद्धा नवं दिलेलं. माहेरचं माप तेवढं डोक्यात असायचं, ते काढून घेता यायचं नाही. आमची पंचाईत अशी, की तिन्ही घरी जेवायला जावं लागे आणि तिन्ही घरी हाच प्रश्न, "कुणाची बरी झालीया?" खरं उत्तर देणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरात पातळ आमटी मिळायची.

मग गावात चटणी कांडायचा, विजेवर चालणारा डंक आला. उखळावरचे कष्ट संपले आणि मापांची गुप्तताही संपली. बायका पदर नाकाला लावून रांगेत बसत, आपला डबा येईपर्यंत दुसरीच्या डब्यात काय आहे ते बघत. शिरोळकडून आलेली सून लसूण इतका का घालते, चंदगडची काय काय घालते, हे सगळं डंकाच्या दारात उघड होई. घरी येऊन नावं ठेवायची आणि पुढच्या वर्षी गुपचूप तेवढंच आपणही घालायचं. सगळ्या मुलखाची म्हणून एक चव जर कुठं तयार झाली असेल, तर ती या रांगेत झाली.

थोरले चुलते, तात्या, मुंबईला गिरणीत होते. गिरणगावात एका खोलीत एका गावची माणसं पाळ्यांनी झोपत, आणि जेवायला खानावळ. गावाकडून येणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत चटणीचा डबा असायचाच. खानावळवाल्या मावशी साताऱ्याच्या. त्यांच्या आमटीत आपली चटणी वरून कालवून खाणारे कोल्हापूरकर आणि त्यावर चिडणारे सातारकर, असे दोन तट पडलेले. "युनियन एक, भांडण चटणीवरनं," तात्या म्हणायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. खानावळीचं बिल थकलं, भाजी परवडेना, तेव्हा भाकरी आणि चटणी एवढ्यावर दिवस निघाले. "तवा कुणी इचारलं न्हाई डबा साताऱ्याचा का कोल्हापूरचा." संप लांबला आणि तात्या गावी परत आले ते कायमचेच. पण त्यांना थोरल्या आज्जीची, म्हणजे सख्ख्या आईची चटणी आवडेनाशी झाली होती. खानावळीतली सातारी चव जिभेवर बसली होती. आज्जीनं ते मनाला लावून घेतलं. गिरणी बंद पडल्याचं दुःख तिनं तात्यांच्यापाशी कधी बोलून दाखवलं नाही, या चटणीचं मात्र मरेपर्यंत काढलं.

बाहेरच्या जगानं आमची चटणी कोल्हापुरी म्हणून ओळखली ती हॉटेलांमुळं, आणि ओळखली ती निव्वळ जाळासाठी. पुण्यातल्या एका हॉटेलात माझ्या सख्ख्या आज्जीला आम्ही 'व्हेज कोल्हापुरी' खाऊ घातली. हा पदार्थ कोल्हापुरातल्या कुठल्याही घरात मी पाहिलेला नाही. आज्जीनं एक घास घेतला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "ह्यात कोल्हापूर कुठाय? नुसता जाळ हाय." तिच्या लेखी मिरचीची कामं वाटून दिलेली होती. रंगाला ब्याडगी, वासाला संकेश्वरी, आणि जाळ हवाच असेल तर चार लवंगी. शास्त्रही तिच्याच बाजूनं आहे. मिरचीचा तिखटपणा बियांत नसतो. आतल्या ज्या पांढऱ्या गाभ्याला बिया चिकटलेल्या असतात, त्यात कॅप्सेसिन तयार होतं. रंगद्रव्य मात्र सालीत. ब्याडगीत रंग अफाट आणि तिखटपणा बेताचा, म्हणून तिच्या अर्काला सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यांतूनही मागणी असते. रंग आणि तिखट दोन्ही पाण्यात नीट उतरत नाहीत, तेलात उतरतात. मिरची तेलावर परतून घेण्याचा आज्जीचा आग्रह आणि रश्श्यावर तरंगणारा लाल कट यांचं कारण एकच.

ही ब्याडगी कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली. 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. संकेश्वर बेळगाव जिल्ह्यात. खोबरं आणि गरम मसाले दक्षिणेकडून, किनाऱ्यावरून आलेले. आणि मिरची तर अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं, त्यांच्या जहाजांबरोबर ती या किनाऱ्यावर उतरली आणि घाट चढून वर आली. तोवर आपल्या जेवणाला तिखटपणा होता तो मिरी, पिंपळी आणि आल्याचा. आमचे आजोबा छातीठोक सांगायचे, की महाभारतातला भीम बल्लवाचार्य होऊन विराटाच्या घरी आमच्यासारखाच रस्सा करायचा. त्यांना मिरचीचा इतिहास सांगितला तर म्हणाले, "मग त्यो मिरी घालत आसंल. रस्सा कराया मिरचीच लागतीया असं कुणी सांगितलं?" आजोबांना वादात हरवणं शक्य नव्हतं. पण नकळत ते बरोबर बोलून गेले होते. चटणीतला प्रत्येक जिन्नस आणि ती करणारी प्रत्येक बाई बाहेरून आलेली. आमचं म्हणून त्यात एकच, ती खाणारे आणि तिच्यावरून भांडणारे.

म्हणूनच अस्सल चटणी कुठल्या गावची, या वादात मला आता गोडी वाटत नाही. अमुक चटणी कुठल्या वाटेनं आली, यात वाटते. कोल्हापुरी चपलेच्या बाबतीत सरकारनं हे शहाणपण दाखवलं. 2019 साली तिला जे मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. चटणीचा असा नकाशा काढायचा झाला तर जिल्ह्यांच्या सीमा उपयोगी पडणार नाहीत, सोयरिकींच्या वाटा काढाव्या लागतील. कुठल्या घरात कुठली मुलगी दिली आणि कुठली केली, यावरून कांदा कुठं तळतात आणि कुठं वाळवतात ते सांगता येईल. आमच्याकडं वंशावळीत बायकांची नावं लिहायची पद्धत नव्हती. पणजीचं माहेरचं नाव आज कुणालाच सांगता येत नाही. तिचा तळलेला कांदा मात्र घरोघरी आहे, आणि त्याला सगळे गावची रीत म्हणतात.

आता चुलतभावाच्या घरी बार्शीकडची सून आली आहे. तिच्या माहेरी काळं तिखट. कांदा-खोबरं पार काळपट होईपर्यंत भाजायचं, दगडफूल जास्त. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात तिनं सासूची नजर चुकवून तळणीतला थोडा कांदा आणखी भाजून काढला. चटणीचा रंग उतरला, वास बदलला. भाऊबंदांत बोभाटा झाला. कुणी म्हणालं घराण्याची चव बिघडली, कुणी म्हणालं कोल्हापूरचं सोलापूर झालं. घरातली दोन्ही पोरं मात्र तीच चटणी मागून खातात, आणि शाळेतल्या डब्यावरून भांडताना आपल्या गावची म्हणून तिचीच बाजू घेतात. तक्रार माझ्या आईपर्यंत आली, कारण आता घरात मोठी तीच. आईनं बोटावर चटणी घेऊन चाखली, थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "भाजू दे तिला. तिच्या नातवंडांस्नी भांडाया काय तरी नगो व्हय?"